मोठ्यानं केलेली प्रार्थना

पाटाला यंदा शेवटचं पाणी सुटणार, तेही फक्त सहा दिवस, अशी पाटी पाणीवाटप संस्थेच्या दारावर लागली आणि गावात जो तो माझ्या नवऱ्याची विचारपूस करायला लागला. एरवी पाटकऱ्याला कोण विचारतो? खांद्यावर हातभर लोखंडी चावी, पायात फाटके रबरी बूट, आणि दिवसभर पाटाच्या एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे पायपीट. हे दार उघड, ते लाव. पण दोन वर्षं पाऊस नव्हता, धरणाच्या तळाला गाळ दिसत होता, आणि आता त्या चावीकडे सगळ्या गावाचे डोळे लागले होते. दुकानदारानं यांना बसायला स्टूल दिलं म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाला आता कुठं माणसात घेतलं."

नियम सरळ होता आणि संस्थेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेला होता. पाणी आधी पाटाच्या शेवटच्या रानाला, मग एकेक दार वर येत येत सगळ्यांत शेवटी पहिल्या दाराला. शेवटाला गव्हाची रानं. दाणा भरत आलेला, एक पाणी मिळालं तर पोती भरणार, नाही मिळालं तर जनावरांपुढे टाकायचं. आणि पहिल्या दारावर संस्थेच्या अध्यक्षांची फळबाग. बारा वर्षांची झाडं, पानं कडेनं करपलेली.

मंगळवारी हे घरी आले आणि जेवणाचं ताट पुढं सारून बसून राहिले.

"काय झालं?"

"अध्यक्ष भेटले. म्हणाले, शुक्रवारी पाणी सुटलं की आमचं दार चार बोटं उघडं राहू दे. पुढं गवत आहे, कुणाला दिसायचं नाही."

"चार बोटं? अहो, पाणीच येणार आहे पोटरीएवढं. चार बोटांत तिसरा हिस्सा जाईल. शेवटाला काय पोचणार?"

"ते मला शिकवू नकोस."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही म्हणालो नाही."

"म्हणजे नाही म्हणालात?"

"काही म्हणालो नाही, असं सांगितलं ना!" त्यांनी ताट परत ओढलं. "आणि हे बघ, ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. शपथ घे म्हणत नाही. आपण शपथ घेत नाही. पण शब्द दे."

मी शब्द दिला. आणि खरं सांगते, मी माणसाजवळ चकार शब्द काढला नाही.

बुधवारी दुपारी देवळामागच्या खोलीत आम्हा बायकांची प्रार्थनासभा असते. गावात आमची ख्रिस्ती घरं वीसएक. त्यातल्या तेरा-चौदा जणी जमतात. पत्र्याचं छप्पर, खाली सतरंजी, आणि एकच खिडकी, ती सायकलवाल्याच्या दुकानाकडे उघडणारी. आमची रीत अशी, की डोळे मिटायचे आणि एकेकीनं मोठ्यानं, मनात असेल ते देवापुढं मांडायचं. बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचं. कुणाचे गुडघे, कुणाचा परदेशातला भाऊ, कुणाची परीक्षेला बसलेली पोर. माझ्या प्रार्थनेचा लौकिक होता. पाळकीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, तू प्रार्थना करायला लागलीस की अंगावर काटा येतो. ते ऐकल्यापासून माझ्या प्रार्थनेची लांबी वाढली होती, हे मी आज कबूल करते.

माझ्याआधी शिंपीणबाईचा नंबर होता. तिचं रान शेवटाला. ती नेहमी दोन वाक्यं बोलते. त्या दिवशीही तेवढंच बोलली. "देवा, आमच्या गव्हात दाणा भरतोय. एक पाणी दे." आणि तिचा आवाज फाटला.

मी सुरू झाले. आकाश झालं, पृथ्वी झाली, तहानलेली जमीन झाली, आणि मग माझ्या तोंडून निघालं, "आणि प्रभू, माझ्या नवऱ्याला बळ दे. अध्यक्ष म्हणतात बागेचं दार चार बोटं उघडं ठेव. त्याचा हात धर, देवा. ते दार उघडू देऊ नकोस. शेवटच्या रानांना त्यांचं पाणी मिळू दे. आमेन."

कुणी आमेन म्हणालंच नाही.

मी डोळे उघडले. तेराच्या तेरा जणी माझ्याकडे बघत होत्या. बाहेर सायकलवाल्याचा पंप थांबला होता. मग शिंपीणबाई उठली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच पळत सुटली. कुणाला सांगायला ते विचारायची गरज नव्हती.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासूबाई उंबऱ्यात उभ्या. "काय ग, आज देवळात घोषणा केलीस म्हणे?" हे ओसरीवर चावीला तेल लावत होते. वर बघितलं नाही.

"देवाला ऐकायला कमी येतं का?" ते म्हणाले.

"आपली रीतच आहे ती. मोठ्यानं..."

"रीत! तुला शब्द द्यायला लावला होता."

"मी कुणालाच सांगितलं नाही हो. फक्त देवाला सांगितलं."

"आणि खिडकीला. आणि तेरा बायकांना!" त्यांनी फडकं आपटलं. "देवळातलं देवळात राहू दे आणि पाटावरचं पाटावर, असं मी तुला लग्नापासून सांगतोय. माझ्या नोकरीचा कागद दर वर्षी त्या माणसाच्या सहीनं निघतो. उद्या काय खायचं ते पण देवालाच विचार. मोठ्यानं विचार."

पंधरा वर्षांत ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. मी चुलीपाशी जाऊन रडले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि माझ्या पाठीवर एक चापट मारली. ती मायेची होती की रागाची, ते अजून कळलेलं नाही.

गुरुवारी सकाळी अध्यक्ष स्वतः आले. मोटारसायकल अंगणात लावली. यांनी धावत जाऊन खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली. अध्यक्ष बसले नाहीत. पुसलेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"वहिनी, माझ्यासाठी प्रार्थना केलीत म्हणे. आभारी आहे."

मी पदर सारखा केला.

"पाटकरी," ते यांच्याकडे वळले, आवाज अगदी मऊ, "उद्या पाण्यावर गाव जमणार. तिथं कुणीतरी विचारणारच. तू एवढंच म्हणायचं, माझ्या बायकोचा गैरसमज झाला. लोक हसतील, मीही हसेन. पुढच्या वर्षीचा तुझा कागद मी आजच टेबलावर काढून ठेवलाय."

"हो साहेब," हे म्हणाले.

"आणि बाकीचं ठरल्याप्रमाणे."

अध्यक्ष गेले. खुर्ची तशीच उन्हात राहिली.

दिवसभर आम्ही दोघं एकमेकांना चुकवत होतो. संध्याकाळी मला राहवलं नाही. हे ओसरीवर बुटाला ठिगळ लावत होते, मी समोर जाऊन बसले.

"मला एक सांगायचंय. काल डोळे मिटले होते ना, तेव्हा मी देवाशीच बोलत होते. पण थोडी शिंपिणीशीही बोलत होते. तिनं ऐकावं असं मला वाटत होतं."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे प्रार्थना खोटी?"

"खरीच होती. पण पत्ते दोन होते. ते पाप माझं आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी देवाच्या आडून मोडला." मला हुंदका आला तरी मी बोलून घेतलं. "उद्या सांगा, बायकोचा गैरसमज झाला. मी मान खाली घालीन. तुमची नोकरी जाण्यापेक्षा माझी अब्रू गेलेली परवडली."

ते उठले, चावी उचलली आणि पाटाच्या दिशेनं निघून गेले. मला वाटलं, पटलं त्यांना. जिवाला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

शुक्रवारी उजाडायच्या आत पहिल्या दारापाशी जत्रेएवढी गर्दी. पोरंटोरं पाटाच्या कोरड्या तळात उड्या मारत होती, म्हातारे काठावर रांगेनं बसलेले. शेवटाकडचे आठ घरवाले खांद्यावर फावडी घेऊन आलेले, आणि त्यांच्यापुढे त्यांच्यातलाच एक, दाढीवाला. तो आमच्या देवळातला नाही, कुठल्याच देवळातला नाही. देव आहे की नाही यावर तो आमच्या पाळकसाहेबांशी तासन्‌तास भांडतो आणि मग दोघं मिळून चहा पितात. सासूबाईंनाही घरी राहवलं नव्हतं. वरच्या वळणावर एक जण उभा केला होता, पाणी दिसलं की शिट्टी मारायला. सगळ्यांच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. माझ्याही. भीती होती तरी पाणी येणार या कल्पनेनं तळपायाला मुंग्या येत होत्या.

दाढीवाला पुढं आला. "पाटकरी, पाणी यायच्या आत एकदा काय ते होऊन जाऊ दे. गावात जे बोललं जातंय ते खरं की खोटं?"

अध्यक्ष हसले. "विचारा, विचारा. त्यालाच विचारा. बाईमाणूस डोळे मिटून देवाच्या नावानं काहीही बोलतं, आणि तुम्ही फावडी घेऊन धावत येता."

चार माणसं फिदीफिदी हसली. कुणीतरी मागून माझ्या प्रार्थनेची नक्कल केली, सूर अगदी हुबेहूब. मी ठरल्याप्रमाणे मान खाली घातली. मला माझी नखं दिसत होती आणि वाटत होतं, जमीन दुभंगावी.

हे दोनदा खाकरले.

"माझ्या बायकोचा..." ते म्हणाले आणि थांबले. इतका वेळ थांबले की मी वर बघितलं. ते माझ्याचकडे बघत होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"माझी बायको खरं बोलली," ते म्हणाले. "पण तिला अर्धंच माहीत होतं. मी तिला सांगितलं, अध्यक्षांना मी काही म्हणालो नाही. ते खोटं. मी त्यांना मंगळवारीच हो म्हणालो होतो."

हसणारे गप्प झाले. अध्यक्षांनी "अरे..." म्हणून हात वर केला, पण हे थांबले नाहीत. उतारावरून सुटल्यासारखे बोलत होते.

"आणि आत्ता हे दार चार बोटं उघडं आहे. काल संध्याकाळी मीच उघडलं. गवत मीच लावलं. ही बिचारी माझ्यापुढं रडत तिचं पाप कबूल करत होती, आणि मी तिथून उठलो आणि येऊन हे केलं."

राग आला की अभिमान वाटला ते मलाच कळेना. दोन्ही होतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

आणि वरच्या वळणावरून शिट्टी आली.

"पाणी!"

"दार!" दाढीवाला गरजला. "आधी दार लाव, भडव्या, मग तुझं बघतो!"

हे काठावरून खाली घसरले, चावी चाकाला लावली आणि ओढली. चाक हलेना. रात्रभरात गंज धरायचं कारण नव्हतं, पण घाईत दात चुकला होता, चावी वाकडी बसली होती. वरून आवाज यायला लागला, आधी सळसळ, मग घरघर. पोरं किंचाळत पाटातून वर चढली. पाणी वळण घेऊन आलं, पुढं वाळका पाला, फेस, एक फुटकी बादली, आणि जीव घेऊन पळणारे सरडे. दाढीवाल्यानं फावडं टाकलं आणि खाली उडी मारली. यांनी चावी काढून पुन्हा बसवली, दोघांनी दोन बाजूंनी हात घातले. दाढीवाल्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. कुणीतरी "जोर, जोर" म्हणायला लागलं आणि मग सगळे म्हणायला लागले, सासूबाईसुद्धा. चाक एकदम सुटलं. चार बोटं, तीन, दोन, एक. दाराचा पत्रा तळाला टेकला तेव्हा पाणी त्या दोघांच्या पोटऱ्यांना लागलं होतं.

पाणी दारावरून पुढं निघालं, आणि गाव पाण्याबरोबर धावत सुटलं. मीही धावले. चाळिशीची बाई, पदर कमरेला खोचून, पोरांच्या बरोबरीनं! कोरड्या तळाला पाणी लागलं की भेगांतून बुडबुडे येत होते, मातीचा वास नाकात भरत होता. शेवटच्या रानाशी शिंपीणबाई दारं धरून पाणी रानात वळवायला उभीच होती. पाणी तिच्या गव्हात शिरलं तेव्हा ती मटकन बांधावर बसली आणि तिनं ओंजळभर चिखल तोंडाला फासला.

मग तिथंच, ओल्या पायांनी, निवाडा झाला.

"पाटकऱ्याची चावी काढून घ्या," कुणी म्हणालं.

"आणि कुणाला देणार? तुला चाक फिरवता येतं?" दाढीवाला म्हणाला. "चावी त्याच्याकडेच राहील. पण पाणी आहे तोवर प्रत्येक दारावर एक माणूस बसेल. आणि अध्यक्षांच्या दारावर," त्यानं माझ्याकडे बोट केलं, "ही बसेल. हिच्या पोटात काही राहत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे."

इतके हसले सगळे, की हेही हसले. मीही हसले, डोळे पुसत.

मी दिवसा बसायची, अंधार पडला की शिंपिणीचा नवरा बसायचा. सकाळी हे डबा आणून द्यायचे. पहिल्या दिवशी डबा ठेवून उभेच राहिले.

"रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. "मला खोटं सांगितलंत. माझ्या देखत चावी घेऊन गेलात."

"हो."

"आणि चारचौघांत मला खरी ठरवलीत."

"हो."

"बसा मग. जेवा."

ते बसले. माझ्याच डब्यात जेवले.

पण दारावर बसणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. समोर पाणी वाहतंय, आणि पाठीमागे बाग उभी आहे. वारा आला की वाळलेली पानं गळून माझ्या अंगावर यायची. रविवारी मी उपासनेला गेले नाही. देवळाची घंटा इथूनच ऐकली. त्या दिवशी अध्यक्षांची आई दोन बादल्या घेऊन आली. ऐंशीच्या घरातली बाई. घरातलं भांडी धुतलेलं पाणी. एकेका झाडाच्या बुडाशी तांब्या-तांब्या ओतत होती. माझ्याकडे एकदा बघितलं, बोलली काही नाही. मी पाटाच्या काठाला होते, हात बुडवला तर कोपरापर्यंत पाणी. मी दुसरीकडे तोंड केलं. मला अध्यक्षांचा राग करणं फार सोपं गेलं होतं, कारण मी त्यांची झाडं कधी जवळून पाहिलीच नव्हती.

बुधवारी, शेवटच्या दिवशी, पाळी वर वर चढत अखेर पहिल्या दाराला आली. दुपारी एकला धरणाचं मुख्य दार बंद होणार होतं. बाराला दहा कमी असताना हे चावी घेऊन आले, मागे दाढीवाला. अध्यक्ष बांधावर एकटेच उभे होते. त्यांचे गडी रविवारीच काम सोडून गेले होते, कशानं ते कुणी विचारलं नाही. बागेतल्या पाणी जायच्या सऱ्या गवतानं गच्च भरलेल्या. पाणी सोडलं तरी पहिल्याच ओळीत मुरून बसणार.

"उघडू?" यांनी विचारलं.

अध्यक्षांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघितलं. सहा दिवसांत पहिल्यांदा.

"वहिनी, त्या दिवशी मोठ्यानं नाव घेतलंत माझं," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "आज या झाडांसाठी घ्या. कुणी ऐकलं तरी चालेल."

मी डोळे मिटले. खरंच मिटले. आकाश, पृथ्वी, तहानलेली जमीन, सगळं तोंडाशी आलं. आणि कानावर पत्रा वर उचलल्याचा आवाज आला, पाण्याचा पहिला लोट आत आला, आणि मला कळलं की आपल्याकडे एक तास दहा मिनिटं आहेत.

मी डोळे उघडले, दाढीवाल्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि बागेत उडी मारली. "अध्यक्ष, तुम्ही पलीकडून गवत ओढा! अहो, ती चावी ठेवा आणि या इकडं!" हे आले. दाढीवाला कपाळाला हात लावून दोन क्षण उभा राहिला, मग शिव्या देत तोही आला. अध्यक्षांचे पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले. अध्यक्षांची आईही आली; म्हातारी झाडाझाडाशी उभी राहून "पोचलं! पोचलं!" म्हणून ओरडत होती. माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, फावड्याचा दांडा बुळबुळीत झाला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, मी पाण्याच्या पुढं पळत होते आणि पाणी माझ्या टाचांना लागत होतं.

एक वाजला तेव्हा अकरा ओळींतल्या सात भिजल्या होत्या. पाटातलं पाणी डोळ्यांदेखत खाली गेलं. आम्ही पाच जण चिखलात बसलो, श्वास घेत. प्रार्थना करायची राहूनच गेली, हे मला घरी गेल्यावर आठवलं.